खडीवरची टिटवी

वैशाख लागला की सुरतेच्या कडेला आमच्या डिंडोलीत स्लॅबचा मोसम सुरू होतो. आंब्यांचा असतो, लग्नांचा असतो, तसा हाही एक. पावसाआधी डोक्यावर पक्कं छप्पर पडावं म्हणून गल्लोगल्ली रेतीचे आणि खडीचे ढीग येऊन पडतात, सेंट्रिंगच्या फळ्या लागतात, आणि ज्यांचा स्लॅब पडतो त्यांच्याकडून संध्याकाळी शेजारीपाजारी गूळ-खोबरं येतं. यंदा आमच्या समोरच्या घरी तिसऱ्या मजल्यासाठी खडी आली. बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता मी ती नीट पाहून घेतली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिच्यावर काही बसलेलं नव्हतं. पण खडीचा ढीग दिसला की आधी पाहून घ्यायचा, ही सवय मला एका उन्हाळ्याने लावली ती लावलीच.

नव्वदीची चार-पाच वर्षं सरली होती तेव्हा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. डिंडोली आजच्यासारखी नव्हती. अर्धी घरं, अर्धी शेतं. उसाचा वास आणि कुठल्यातरी मिलच्या धुराचा वास एकाच वाऱ्यावर यायचा. आमचं घर शेवटच्या ओळीत होतं. विटांच्या दोन खोल्या आणि वर पत्रे. दारासमोर मोकळा प्लॉट, त्यापलीकडे बाभळी आणि मग रेल्वेचे रूळ. दुपारी पत्रे इतके तापायचे की माय म्हणायची, भाकरी वरच टाकली तरी भाजून निघेल.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, लूमवर कामाला होते. साक्रीकडून लग्नानंतर वर्षभरात सुरतेला आले आणि त्याच कामात राहिले. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी, बारा-बारा तास. मी लहानपणी एकदा त्यांचा डबा घेऊन खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, गेले होते. दारातूनच परत फिरावंसं वाटलं. शंभरेक लूम एकदम धडधडत होते, आवाज कानात न शिरता थेट छातीत शिरत होता. त्या आवाजात कारागीर एकमेकांशी बोलत होते. ओठ हलायचे, बोटं हलायची, समोरचा मान डोलवायचा. नाना लांबून माझ्याशी काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही. शेजारच्या माणसाला मात्र कळलं आणि तो हसला.

त्या वर्षी आमच्या घरावर स्लॅब पडायचा होता. मायने तो हट्टाने ठरवला होता. ती घरी बसून साड्यांचे धागे कापायची. व्यापाऱ्याकडून गठ्ठा यायचा, मागच्या बाजूचे लोंबते धागे कापून, घडी घालून परत जायचा. आदल्या पावसाळ्यात पत्रा गळाला आणि एक अख्खा गठ्ठा भिजला. रंग एकमेकांत उतरले. व्यापाऱ्याने पुढे कितीतरी दिवस तिला काम दिलं नाही. त्यामुळे स्लॅब हा मायसाठी थाटाचा विषय नव्हता. वैशाखाच्या सुरुवातीला खडी येऊन समोरच्या प्लॉटवर पडली. परभणीकडचे बाबूराव मिस्त्री पंधरा-वीस दिवसांत आपली माणसं घेऊन येणार होते.

टिटवी आधी नानांना दिसली. त्यांची रातपाळी चालू होती. सकाळी येऊन झोपायचे, दुपारी उकाड्याने जाग आली की उंबऱ्यावर येऊन बसायचे. एक दिवस त्यांनी मला हाताने बोलावलं आणि खडीकडे बोट दाखवलं. मला काही दिसेना. खडी ती खडी. मग त्यातला एक तुकडा हलला आणि त्याला डोळा आहे असं दिसलं. काळं डोकं, काळी छाती, डोळ्यापुढे लाल मांसाचा छोटा झुबका, डोळ्यामागून खाली उतरणारा पांढरा पट्टा. ती उठली तेव्हा पिवळे, काटकुळे पाय दिसले आणि पायांखाली चार अंडी. अंड्यांचा रंग खडीसारखाच, वर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे डाग. चारी अंड्यांची टोकं आत, एकमेकांकडे. घरटं असं काही नव्हतंच. चार खडे इकडचे तिकडे सरकवून केलेला खळगा, बस.

त्या दिवसापासून नानांची दुपार खडीसमोर जाऊ लागली. झोप अर्धवट टाकून ते उंबऱ्यावर बसत. मी शेजारी बसे, कारण मलाही दुसरं काम नव्हतं. ते फार बोलत नसत. पण जे दिसेल ते सांगत. टिटवी अंड्यांवर थेट उतरत नाही, हे त्यांनी दाखवलं. ती लांब बाभळीपाशी उतरायची, चार पावलं पळायची, थांबायची, जमिनीत उगाच चोच मारायची, पुन्हा चार पावलं. मध्येच अंडी नसलेल्या जागी अंग फुगवून बसायची, जणू इथेच तिचं सगळं आहे. मग पुन्हा उठून, वळसा घालून, शेवटी खडीवर. पाहणारा कंटाळून निघून गेला असता. नाना कंटाळले नाहीत.

पक्षी दोन होते. दोघं आळीपाळीने बसत. त्यांतल्या एकाच्या डाव्या पायात पॉलिस्टरचा निळा धागा अडकलेला होता, लूमच्या कचऱ्यातला. त्यामुळे आम्हाला पाळी बदललेली कळायची. "याची दिवसपाळी," नाना म्हणायचे, "त्याची रातपाळी." भर दुपारी दोघांतलं कोणीच अंड्यांवर बसत नसे. अंड्यांवर पाय ताठ करून उभं राहायचं, पंख थोडे सैल सोडून. अंड्यांना ऊब नको असायची, सावली हवी असायची. एकदा गल्लीतली म्हैस चरत चरत खडीपाशी आली. मला वाटलं, संपलं. टिटवी पळाली नाही. दोन्ही पंख पूर्ण उघडून ती म्हशीच्या तोंडासमोर उभी राहिली. म्हशीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि वाट बदलली. नानांनी मांडीवर हळूच थाप मारली, एवढंच.

गल्लीत टिटवीबद्दल बोलणं सुरू झालंच. टिटवी दारासमोर ओरडणं चांगलं नाही असं शेजारच्या दोघीतिघी मायला सांगून गेल्या. सायकलवरून दूध घालणाऱ्या भरवाड काकांचं मत वेगळं होतं. ते खडीच्या ढिगाकडे पाहून खूश झाले. "टिटोडीए ऊंचे ईंडां मूक्यां छे. वरसाद सारो थशे." टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जोराचा पडतो, असा त्यांचा ठोकताळा. माय दुधाचं पातेलं हातात घेऊन म्हणाली, "मग तर स्लॅब आधी पडाले पायजे."

मग ती संध्याकाळ आली. नाना कामावर निघण्याआधी चहा घेत उंबऱ्यावर बसले होते. माय आत दाराशी धागे कापत होती. प्लॉटवर एक कुत्रं आलं आणि टिटवी हवेत उठली. कुत्र्याच्या डोक्यावरून खाली झेपावायची, वर जायची, पुन्हा खाली, आणि तोंडाने अखंड ओरडणं. ज्यांनी टिटवी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. सगळी गल्ली तिने डोक्यावर घेतली होती.

माय कातरीवरून नजर न काढता म्हणाली, "हिना तोंडले जरा बी आराम नही."

नाना टिटवीकडेच पाहत होते. मायचं बोलणं त्यांच्या पाठीमागून आलं होतं. चहाचा घोट घेऊन ते आपल्याच नादात म्हणाले, "गुणाची शे बिचारी. इतला दिन व्हयनात, तोंडमा आवाज नही तिना."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नाना थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. मायची कातर थांबली.

मी म्हटलं, "नाना, ती ओरडतेय ना."

त्यांना कळलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा म्हटलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते, डोळ्यांकडे नाही. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"कोन?"

"टिटवी."

त्यांनी वर पाहिलं. टिटवी अजून कुत्र्यावर झेपावत होती, चोच उघडत होती, मिटत होती. 

"आते? आते वरडी ऱ्हायनी का ती?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, डबा उचलला आणि सायकल घेऊन कामाला गेले. रोज जात तसेच.

त्यानंतर मागच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागत गेला. रेडिओ मोठ्याने लावायचे म्हणून माय चिडायची. गजराचं घड्याळ उशाशी वाजायचं आणि आम्हीच त्यांना हलवून उठवायचो. माय नवऱ्याचं नाव घेत नसे. "ऐकतस का" हीच तिची हाक. त्या हाकेला ते ओ देत नाहीत, म्हणजे मुद्दाम देत नाहीत, असं धरून ती कितीदा रुसली होती. आम्ही त्यांना थकलेला माणूस समजत होतो, तिरसट समजत होतो. आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की अलीकडे घरातले लोक हळू बोलायला लागलेत. हे त्यांनी पुढे मला सांगितलं. खात्यात सगळे ओठांवरच बोलतात, तिथे त्यांचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते फक्त घरी.

त्या संध्याकाळी माय मात्र वेगळंच बोलली. नाना गेल्यावर दारात उभी राहून रुळांकडे पाहत म्हणाली, "हाऊ मानूस रोज रूळ वलांडीसन जास." हा माणूस रोज रूळ ओलांडून जातो. तिथे फाटक नव्हतं. लोक सायकल खांद्यावर घेऊन रूळ पार करायचे, कारण पुलावरून गेलं तर फार मोठा वळसा पडायचा. नाना तसंच जात होते, दिवसातून दोनदा, कोण जाणे किती दिवसांपासून. दुसऱ्या दिवशी मायने त्यांच्या खात्यातल्या भिकाकाकांना गाठलं. ते आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. तेव्हापासून भिकाकाका येता-जाता नानांच्या बरोबर असत. नानांना त्यांनी कारण सांगितलं नाही. नानांनीही विचारलं नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी ठोकून त्यांच्या कानाशी धरलं, कानामागच्या हाडावर टेकवलं, मग एका खोलीत बसवून मशीनवर तपासणी केली. नस झिजली आहे, ती परत येणार नाही, यंत्र लावलं तर थोडंफार ऐकू येईल, असं ते मला म्हणाले. बाहेर आल्यावर नानांनी विचारलं, काय म्हणाले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रस्त्यावर रिक्षा धडधडत होत्या. त्या गोंगाटात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. त्यांना मात्र शब्द न् शब्द कळला.

घरी आल्यावर ते उंबऱ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं. "ती वरडनी का सांग," म्हणाले. मग आमचं तसं ठरून गेलं. टिटवी ओरडली की मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायचं, गप्प झाली की उचलायचं. तोपर्यंत मलाही ते ओरडणं एकच वाटत होतं. गुडघ्यावर बोट ठेवून ऐकू लागले तेव्हा कळलं की त्यात फरक आहे. माणूस लांबून येताना दिसला तर सुटे सुटे, सावकाश आवाज. कुत्र्याला सलग, घाईचे. घार वर आली की एकच बारीक आवाज आणि दोन्ही पक्षी दगडासारखे स्तब्ध. मी सांगायची, ते ऐकून घ्यायचे. आठवडाभरात उलटंच होऊ लागलं. मान अशी वर ताणली, एक पाय असा उचलून धरला, की नाना म्हणायचे, "आते वरडी." आणि माझं बोट टेकण्याआधी ती ओरडायची.

बाबूराव मिस्त्री ठरल्या दिवशी आले. त्यांना सगळी हकीकत ऐकून राग आला नाही. खडीपाशी जाऊन त्यांनी अंडी पाहिली, डोकं खाजवलं. "आमच्याकडं बी हिला उठवीत नाहीत," म्हणाले. "आणखी किती दिस लागतील?"

नानांनी सांगितलं, पंधरा तरी.

"आठ थांबतो. मग मला कडोदऱ्याचं काम हाय. तिकडं गेलो की माणसं पावसाआधी सुटायची नाहीत."

दुसऱ्या बाजूने खडी उचलावी असं एकाने सुचवलं. दोन पाट्या उचलल्या तर ढीग वरून घसरायला लागला. टिटवी दोन हात अंतरावर उभी राहून थरथरत होती, पण हटत नव्हती. नानांनी पाट्या खाली ठेवायला लावल्या.

माय त्या दिवशी खूप बोलली. नाना तिच्याकडे तोंड करून बसले होते, म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. साड्यांचा गठ्ठा, गेल्या वर्षीचं पाणी, पाखराच्या पायी घर उघडं टाकणारा माणूस, सगळं. तिचं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "खडी आपली शे. पन ती बठेल शे ना."

आठ दिवसांनी बाबूराव कडोदऱ्याला गेले. माय नानांशी बोलायची थांबली. ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरून काय उपयोग, असं माझ्या मनात आलं होतं. चौथ्या दिवशी जेवताना नाना मला म्हणाले, "तुनी मायना व्होट हालत नहीत चार दिनपासून." माय ताटात पाहत होती. तिने भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात वाढला.

पुढचं आधीच सांगून टाकते. पाऊस भरवाड काकांच्या ठोकताळ्यापेक्षाही जोराचा झाला. पत्रा तीन ठिकाणी गळला. आम्ही गठ्ठे खाटेवर रचून त्यांच्यावर प्लास्टिक टाकलं आणि स्वतः खाली, भांड्यांच्या मधल्या कोरड्या जागेत झोपलो. एकही साडी भिजली नाही, कारण माय पावसाचा नुसता वास आला तरी उठून बसायची. स्लॅब दिवाळीनंतर पडला, त्याच बाबूरावांच्या हातून. नानांच्या कानाचं यंत्र दोन महिन्यांत डबीत गेलं. लूमच्या आवाजात ते नुसतं खरखरायचं आणि घरी त्यांना त्याची गरज उरली नव्हती. त्यांनी आणखी बरीच वर्षं काम केलं. त्यांना जाऊन आता सात वर्षं होतील. माय माझ्याकडे असते. अजूनही ती कोणाशी बोलायचं तर आधी समोर येऊन उभी राहते आणि मग तोंड उघडते. माझी मुलं म्हणतात, आजी किती शिस्तीत बोलते.

माय त्या टिटवीशी कधी समेटाला आली ते मला नक्की सांगता येणार नाही. अबोल्याच्या त्या दिवसांत मी एकदा तिला नळापाशी पाहिलं. नळाखाली धुण्याचं पाणी साचायचं. निळ्या धाग्याचा पक्षी तिथे यायचा, पाण्यात बसून पोट भिजवायचा आणि तसाच ओल्या पोटाने पळत अंड्यांकडे जायचा. अंडी तापू नयेत म्हणून पाणी न्यायची ती तऱ्हा. माय धुणं हातात तसंच धरून पाहत होती. त्या दिवसापासून धुणं संपल्यावरही नळाखालचं डबकं भरलेलं असायचं. 

ज्येष्ठातल्या एका दिवशी मी लिंबायतला मावशीकडे हळदीला गेले होते. रात्री तिथेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिराने परतले. गल्लीत शिरतानाच खडीकडे पाहिलं. खडीवर कोणी उभं नव्हतं. मी चपला हातात घेऊन घाईने दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

नाना रातपाळीवरून आलेले होते. अंगावरच्या कपड्यांवर सुताचे कण तसेच होते. ते भिंतीला टेकून बसले होते आणि माय त्यांच्यासमोर, दाराचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी. ती बोलत होती, पण आवाज नव्हता. ओठ सावकाश हलत होते, खात्यातल्या कारागिरांचे हलतात तसे. तिने हे कधी पाहून ठेवलं होतं कोण जाणे.

तिने एका मुठीवर दुसऱ्या हाताचं बोट आतून टोचल्यासारखं केलं. मग मूठ थोडी उघडली. मग दोन बोटं गोधडीवर उभी केली आणि चालवली. दोन पावलं, कोलमडणं, पुन्हा उभं राहणं. मग चोचीत काहीतरी धरून उडत लांब टाकून यायची खूण केली, टरफलं असावीत. तीन बोटं वर केली. नानांनी चार दाखवली आणि भुवया उंचावल्या. मायने चौथं बोट वर केलं, पण पूर्ण नाही, अर्धं वाकवून. मग डाव्या हाताचा पंजा त्यावर झाकून धरला. तीन पिल्लं बाभळीखाली चालत गेली होती, एक पक्षी त्यांच्याबरोबर होता. चौथं नुकतंच बाहेर पडलं होतं, ओलं होतं, आणि निळ्या धाग्याचा पक्षी त्याला घेऊन खडीच्या पलीकडच्या सावलीत बसला होता. हे मला उभ्या उभ्या तिच्या हातांवरून आणि ओठांवरून कळलं.

नाना उठायला लागले. त्यांना पाहायचं होतं. मायने त्यांचं मनगट धरून त्यांना परत खाली बसवलं आणि आता आवाजात म्हणाली, "बठा. मनं सांगनं सरनं नही अजून."